बंदुका, म्हशी आणि पाणी : भरतपूरच्या घन्याची मोजदाद

राजस्थानात भरतपूर शहराला लागून असलेल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात, महादेवाच्या देवळाजवळ दगडात कोरलेली एक यादी आहे. तिचे रकाने मोजके आहेत : तारीख, कोणाच्या भेटीनिमित्त, किती पक्षी मारले, किती बंदुका होत्या. पहिली नोंद १ डिसेंबर १९०२ ची. पाहुणे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, बंदुका १७, पक्षी ५४०. १९१४ साली लॉर्ड हार्डिंज आले तेव्हा ४९ बंदुकांनी ४,०६२ पक्षी पाडले. १९१६ मध्ये लॉर्ड चेम्सफर्डच्या वेळी आकडा ४,२०६ वर गेला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगोच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत ३९ बंदुकांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. यादीतला हा सर्वांत मोठा आकडा.

भागाकार केला तर कर्झनच्या दिवशी बंदुकीमागे जेमतेम ३२ पक्षी येतात आणि लिनलिथगोच्या दिवशी ११०. पक्षी वाढले म्हणून हा फरक पडला की शिकारीचा बंदोबस्त सुधारला म्हणून, ते या दगडावरून कळत नाही. त्यात पक्ष्यांच्या जाती नाहीत. जखमी होऊन लव्हाळ्यात जाऊन मेलेल्यांची गणती नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यावर किती उरले, याचाही हिशेब नाही. तरीही पाणथळ जागेवर माणसाने काय केले हे आकड्यांत मांडणारी ही इथली पहिली जाहीर नोंद, आणि म्हणून ती मोलाची आहे.

पुढच्या शंभर वर्षांत याच जागेवर माणसाचा वावर निरनिराळ्या मापांनी मोजला गेला. पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून, गवत कापून आणि तोलून, क्रौंचांची डोकी मोजून, आणि अखेर पाण्याच्या घनफुटांत. या मोजण्यांतून जे हाती आले, ते भारतातल्या प्रत्येक तळ्याच्या आणि खाडीच्या कामाचे आहे. माणूस पाणथळ जागा बिघडवतो हे खरेच. पण कोणता माणूस, कोणत्या कामाने, किती आणि कोणत्या महिन्यात, हे मोजल्याशिवाय त्याला हाकलून दिले तर जागा आणखी बिघडू शकते. भरतपूरमध्ये नेमके तेच घडले.

मुळात हे तळे माणसानेच घडवले. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या मुलखात भरतपूर वसले आहे. पावसाळ्यात पूर यायचा आणि शहराशेजारच्या खोलगट जमिनीत पाणी साचायचे. पूर अडवण्यासाठी अजान बांध घातला गेला आणि परंपरेने त्याचे श्रेय जाट राजा सूरजमल याला दिले जाते. मराठी माणसाला सूरजमल ठाऊक आहे तो पानिपतामुळे. १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर जिवानिशी सुटून दक्षिणेकडे निघालेल्या मराठ्यांना त्याने आणि राणी किशोरीने आपल्या मुलखात आसरा दिला, अन्नवस्त्र पुरवले. त्याच्याच राज्यातल्या या सखल जमिनीला लोक घना म्हणू लागले. गाई-म्हशी चारायची, जळण आणि चारा आणायची ही जागा होती.

तिचे बदकांच्या राखीव तळ्यात रूपांतर झाले ते १८९० च्या दशकात. गुजरातेतल्या मोरवी संस्थानच्या राजघराण्यातले हरभामजी तेव्हा भरतपूर संस्थानचे कारभारी होते. इंग्लंडमधली बदकांची शिकारक्षेत्रे त्यांनी पाहिली होती. त्यांनी घन्यात लहान बांध घालवले, पाट काढवले, दरवाजे बसवले आणि अजान बांधाचे पाणी आत खेळवले. उथळ पाण्याचे तुकडे पडले, त्यांच्यामधल्या बांधांवरून चालण्याच्या वाटा झाल्या. आज पर्यटक ज्या वाटांवरून फिरतात, त्यांतल्या बऱ्याच मूळच्या शिकाऱ्यांसाठीच्या आहेत.

या व्यवस्थेचे वर्षाचे चक्र समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उमगत नाही. पावसाळ्यात अजान बांध भरला की पाणी घन्यात सोडायचे. त्या पाण्याबरोबर माशांची असंख्य पिले आत येत. पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाक, मुग्धबलाक, बगळे, पाणकावळे घरटी करत आणि ती मासळी पिलांच्या तोंडी घालत. पाऊस सरला की उत्तरेकडून बदके आणि पट्टकादंब उतरत. फाल्गुन-चैत्रानंतर पाणी आटू लागे, जमीन उघडी पडे, जनावरे आतपर्यंत चरत जात, त्यांचे शेण तिथेच मुरे. आषाढात पुन्हा पाणी. पाट सोडणारा, गुरे राखणारा, गवत कापणारा अशी माणसे या चक्राच्या प्रत्येक टप्प्यावर होतीच.

स्वातंत्र्यानंतर घना टिकेल की नाही, हाच प्रश्न होता. राजाच्या शिकारीसाठी राखलेले पाणी शेतीला द्यावे, तळे कोरडे करून जमीन कसायला द्यावी, अशी मागणी आसपासच्या लोकांनी लावून धरली. ती अवाजवी नव्हती. राजाच्या हौसेसाठी शेतकऱ्याने का झिजावे, हा प्रश्न रास्तच होता. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सालिम अली यांनी मात्र पंडित नेहरूंपर्यंत दाद मागितली आणि १९५६ साली घना पक्षी अभयारण्य झाले. शिकारीचा हक्क राजाकडे तरीही राहिला. शेवटची मोठी शिकार १९६४ सालची, आणि तो हक्क संपला १९७२ मध्ये.

बंदुकांची सद्दी संपत असतानाच मोजण्याची दुसरी रीत इथे रुजत होती. १९६० च्या आसपास सोसायटीने स्थलांतरी पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्याला जागतिक आरोग्य संघटनेचे पाठबळ होते, कारण १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडतापाची साथ आढळल्यापासून दूरदेशीचे पक्षी रोग आणतात की काय, अशी शंका होती. पक्षी जिवंत धरणे हे कसबी काम. ते केले बिहारमधल्या मीरशिकार या परंपरागत पारध्यांनी. जाळे कुठे लावायचे, पक्षी कुठून बिचकेल, जाळ्यातून सोडवताना पंख कसा धरायचा, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होते. पक्ष्याच्या पायात ॲल्युमिनियमचे हलके कडे बसे. त्यावर क्रमांक असे आणि सोसायटीला कळवण्याची सूचना असे. मग सायबेरियातल्या किंवा मध्य आशियातल्या एखाद्या शिकाऱ्याने मारलेल्या बदकाच्या पायातल्या कड्याची खबर मुंबईत येऊन पोहोचे. भरतपूरचे पाणी कुठवर जोडलेले आहे, याचा पुरावा असा जमत गेला.

याच काळात एका पक्ष्याची गणती जगभर गाजू लागली. पांढराशुभ्र, तांबड्या चेहऱ्याचा सायबेरियन क्रौंच भारतात हिवाळा काढायला मुख्यतः घन्यातच यायचा. १९६४-६५ च्या हिवाळ्यात इथे सुमारे २०० क्रौंच होते. १९७० च्या दशकात रॉन सॉवी या अमेरिकी अभ्यासकाने त्यांचा इथे बारकाईने अभ्यास केला. त्यानेच जॉर्ज आर्चिबाल्डच्या साथीने १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रौंच प्रतिष्ठान स्थापन केले होते. हे क्रौंच उथळ पाण्यातल्या चिखलात चोच खुपसून लव्हाळ्याचे कंद उकरून खात. म्हणजे त्यांना पाणी हवे ते ठराविक खोलीचे, आणि चिखल हवा तो चोच शिरेल इतका मऊ. ही बाब पुढच्या वादात महत्त्वाची ठरली, कारण दर हिवाळ्यात क्रौंच कमी होत चालले होते.

मग आले १९८१-८२ साल. इराणमधल्या रामसर गावी १९७१ मध्ये पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्याच्या यादीत भारताने ऑक्टोबर १९८१ मध्ये पहिल्या दोन जागा घातल्या : ओडिशातले चिलिका सरोवर आणि केवलादेव. त्याच सुमारास केवलादेवला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या उद्यानाभोवती दगडी भिंत उभी राहिली. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत. सालिम अलींसह अनेक तज्ज्ञांचाही चराईला विरोध होता. म्हशी घरटी आणि पाणवनस्पती तुडवतात, गुराख्यांच्या वावराने पक्षी बिथरतात, असे त्यांना वाटत होते.

नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई एकाएकी बंद करण्यात आली. चाऱ्याची दुसरी सोय झालेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या घन्यावर गुरे पोसलेले गावकरी खवळले, संघर्ष पेटला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही गावकरी मरण पावले. भरतपूरच्या इतिहासातले हे सर्वांत दुखरे पान. तिथे शिकारीत पडलेल्या बदकांचे आकडे दगडात कोरलेले आहेत. कुरणासाठी मेलेल्या माणसांची आठवणही तितक्याच ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

दैवाची गोष्ट अशी की, बंदीच्या दोन वर्षे आधीपासून घन्यात एक अभ्यास चालू होता. १९८० मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली केवलादेवच्या परिसंस्थेचा दीर्घ अभ्यास सुरू केला आणि तो दहा वर्षे चालला. त्यामुळे गुरे असतानाची आणि गुरे नसतानाची, अशी दोन्ही स्थिती एकाच चमूच्या नोंदींत आली. पाणथळ जागेच्या अभ्यासात असा योग क्वचित येतो. एरवी तळे बिघडल्यावर माणसे मोजपट्टी घेऊन धावतात, आणि आधीची स्थिती काय होती हे सांगणारा आकडा कुठेच नसतो.

हे काम किती चिवट असते! उथळ पाण्यात उतरून ठराविक मापाची चौकट टाकायची. तिच्यातले गवत मुळापासून कापायचे, जातीजातीने वेगळे करायचे, वाळवायचे आणि तोलायचे. पाण्याची खोली, त्यातला प्राणवायू, मासळी, किडे यांच्या नोंदी घ्यायच्या. ठरलेल्या ठिकाणांवरून पक्षी मोजायचे. आणि हे सगळे दर महिन्याला, वर्षानुवर्षे. एका मोसमाचा आकडा पावसाबद्दल काही सांगेल. दहा मोसमांचे आकडे माणसाबद्दल सांगू लागतात.

त्या नोंदींनी सांगितले ते कोणाच्याच ध्यानीमनी नव्हते. म्हशी गेल्यावर पास्पॅलम नावाचे पाणगवत बेफाम वाढले. त्याची दाट जाळी पाण्यावर पसरली. बदकांना उतरायला आणि पोहायला उघडे पाणी लागते, ते आक्रसले. गवताच्या विळख्यात मासळीचा वावर अडला. वाळून कुजणाऱ्या गवताचा थर साचून तळ उथळ होऊ लागला. पाणपक्ष्यांसाठी राखलेली जागा गवताळ होऊ लागली.

म्हैस नेमके काय करत होती, ते आता दिसले. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती गवताचा तोबरा ओढून काढायची. तिच्या खुरांनी तळाचा चिखल ढवळला जायचा, तिच्या लोळण्याने उघड्या पाण्याची डबकी तयार व्हायची. दोन-अडीच हजार गुरे वर्षानुवर्षे गवत आटोक्यात ठेवत होती आणि कोणाच्या लेखी ते काम नव्हतेच. अभ्यासाचा निष्कर्ष स्वच्छ होता : म्हैस या परिसंस्थेचाच घटक झाली आहे, आणि मर्यादित चराई परत येणे हिताचे आहे.

इथे सोसायटीच्या प्रामाणिकपणाला दाद दिली पाहिजे. चराईबंदीच्या बाजूने तिचाच आवाज सर्वांत वजनदार होता. तरी तिच्याच अभ्यासाने ती भूमिका खोडून काढली आणि तिने ते छापून प्रसिद्ध केले. आकडे आपल्या विरोधात गेल्यावर ते दडपायचे नाहीत, एवढी शिस्त असली तरच असल्या मोजदादीला अर्थ असतो.

निष्कर्ष आला म्हणून कायदा बदलला नाही. राष्ट्रीय उद्यानात चराईला परवानगी नाही ती नाहीच. गावकऱ्यांना गवत कापून नेऊ देण्यात आले, काही ठिकाणी यंत्रे लावून गवत उपसले गेले. पण विळा पाण्याखालच्या देठापर्यंत पोहोचत नाही, आणि यंत्र जे एका झटक्यात करते त्याने तळाचे रूपच पालटते. जुलै १९९० मध्ये केवलादेवचे नाव रामसर कराराच्या माँट्रो नोंदीत गेले. ज्या जागांची स्थिती बिघडते आहे, त्यांची ही यादी. तिथे कारणे दिली होती ती पाण्याची टंचाई आणि चराईचा बिघडलेला तोल ही. भारतातल्या जागांपैकी मणिपूरचे लोकटाक सरोवरही पुढे या यादीत आले. चिलिकाही तिच्यात होते. सुधारणा झाल्यावर २००२ मध्ये त्याचे नाव वगळले गेले. केवलादेवचे राहिले.

क्रौंचांचे काय झाले? १९९३-९४ च्या हिवाळ्यात एकही आला नाही. नंतर मोजके काही परतले. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली, त्यानंतर कोणीच नाही. आजूबाजूच्या गावांतली माणसे याचे कारण आपल्या परीने सांगतात. पूर्वी लोक आत जाऊन वाळ्याची मुळे खणायचे, गुरे चिखल तुडवायची, त्यामुळे जमीन भुसभुशीत राहायची आणि क्रौंचाला कंद मिळायचे, असे त्यांचे म्हणणे. यात तथ्य असू शकते. पण क्रौंच दरसाल अफगाणिस्तान आणि पाकिस्तानवरून येत, त्या वाटेवर त्यांची शिकार होई, आणि १९७९ नंतर अफगाणिस्तान युद्धाने होरपळत होता. घन्याच्या भिंतीच्या आत कितीही काटेकोर मोजले, तरी त्या वाटेवरचा उपद्रव त्यात सापडणार नव्हता.

भिंतीबाहेरून आलेला दुसरा आघात पाण्याचा. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले. घन्याला वर्षाकाठी सुमारे ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागते, आणि ते या नदीतून यायचे. २००४ च्या दुष्काळात धरणाच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी पाणी सोडायला कडाडून विरोध केला आणि घन्याला पुरेसे पाणी मिळाले नाही. पुढची काही वर्षे फार वाईट गेली. चित्रबलाकांच्या बाभळी कोरड्या जमिनीवर उभ्या राहिल्या आणि घरट्यांचा मोसम बुडाला. जागतिक वारसा यादीत १९८५ पासून असलेली ही जागा त्या यादीवर राहील की नाही, अशी चर्चा सुरू झाली. मग गोवर्धन नाल्याचे पुराचे पाणी आणि चंबळचे नळाचे पाणी आणण्याच्या योजना झाल्या. पाणी आले हे चांगलेच झाले. मात्र नदीच्या पुराबरोबर मासळीची पिले येतात, तशी नळाच्या पाण्याबरोबर येत नाहीत. घनफुटांचा हिशेब जुळला तरी पक्ष्यांचा जुळेलच असे नाही.

कोरड्या वर्षांत विलायती बाभूळ फोफावली. २००७ पासून ती काढायला भोवतालच्या गावांच्या समित्यांना बोलावण्यात आले. मुळासकट उपटायची आणि लाकूड घरी न्यायचे, असा करार होता. लोकांनी ते काम नेटाने केले. त्याआधी २५ वर्षे भिंतीबाहेर काढलेल्या गावांनाच जागा वाचवण्यासाठी पुन्हा आत घ्यावे लागले.

आजही घन्यात माणसांची वर्दळ आहे, पण ती सायकलरिक्षांची. मोटारींना आतल्या भागात मज्जाव आहे. रिक्षा ओढणारे कित्येक जण ओढता ओढता पक्षितज्ज्ञ झाले. कमळपक्षी कोणत्या पानावर बसला आहे, हे ते हँडल न सोडता दाखवतात. पर्यटकांचा उपद्रव मोजायचीही रीत आहे. अभ्यासक संथ चालीने पक्ष्याच्या दिशेने जातो आणि पक्षी किती अंतरावर उडाला, ते नोंदवतो. बगळा जवळ येऊ देतो, बदकांचा थवा लांबूनच उठतो. त्या अंतरावरून वाट पाण्यापासून किती दूर ठेवायची, हे ठरवता येते.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध केवळ सोसायटीपुरता नाही. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरला लोक महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला, गाळ साचला, बेटे तयार झाली आणि पक्षी आले. म्हणजे हीदेखील माणसाने घडवलेलीच जागा. ती २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर जागा म्हणून जाहीर झाली. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर आली. आशियाई पाणपक्षी गणना भारतात १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि महाराष्ट्रातले पक्षिमित्रही थंडीत कुडकुडत हे काम निष्ठेने करतात. त्याच पाण्यावर धरणातून आवर्तन कोणत्या तारखेला सुटले, काठावर किती जनावरे चरली, किती जाळी पडली, कोणत्या गावाने किती गाळ आणि गवत नेले, याच्या नोंदीही तितक्याच नेमाने ठेवता येतील. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. काठावरच्या गावातली चार माणसे आणि एक वही पुरते. तसे झाले तर उद्या कोणी मासेमारी किंवा चराई बंद करायला निघाले, किंवा खुली करा म्हणाले, तर निर्णयाआधीची दहा वर्षे त्या वहीत लिहिलेली असतील. भरतपूरच्या गावकऱ्यांसाठी अशी वही १९८२ पूर्वी कोणी उघडून पाहिली नव्हती.